चौथ्या दिवसाची सोय

अर्जाचा मसुदा मीच केला होता. आमच्या कॉलनीत माझं मराठी बरं आहे असा समज आहे, त्यामुळे महापालिकेला काही लिहायचं निघालं की काम माझ्याकडे येतं. विषय होता ‘उड्डाणपुलाखाली वास्तव्य करणाऱ्या इसमांबाबत’. ‘इसम’ हा शब्द मला तेव्हा फार चपखल वाटला होता. शेवटी मागणी : ‘सदर इसमांचा कायमस्वरूपी बंदोबस्त करण्यात यावा.’

नाशिकबाहेरच्यांसाठी थोडा भूगोल. मुंबई नाक्यावरून महामार्गाने पाथर्डी फाट्याकडे निघालं की डाव्या हाताला आमचं इंदिरानगर लागतं. रो-हाऊसेस, तीन-चार मजली अपार्टमेंट, जॉगिंग ट्रॅक, क्लासेसच्या पाट्या. महामार्गाखालून पलीकडे जायला बोगदा आहे. त्यात संध्याकाळी एकदा तरी अडकल्याशिवाय कुणी खरा इंदिरानगरकर होत नाही. २०१३ साली महामार्गावर लांबलचक उड्डाणपूल झाला आणि त्याच्याखाली सावली तयार झाली. सावलीत माणसं येऊन राहिली.

त्यांतल्या एकाला चहाच्या टपरीवर सगळे मामा म्हणतात. वय साठीच्या आसपास, डाव्या पायाने लंगडतात. लग्नसराईत केटररकडे भांडी घासतात. रात्री अकराला जेवणं उरकतात, मग मोठी पातेली घासून टेम्पोत चढवेपर्यंत एक-दीड वाजतो. पावसाळ्यात मुहूर्त नाहीत, म्हणून काम नाही. असं किती वर्षं चाललंय विचारलं तर ते जागा मोजतात : आधी मुंबई नाका, त्याआधी नाशिकरोड स्टेशन, त्याआधी घर होतं. ‘त्याआधी’च्या पलीकडे ते जात नाहीत.

रविवारी सकाळी सह्या गोळा करायला निघण्याआधी मी अर्ज अण्णांसमोर, म्हणजे वडिलांसमोर, ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

“कायमस्वरूपी बंदोबस्त म्हणजे काय रे करायचं यांचं?”

“म्हणजे कुठेतरी सोय करायची, अण्णा.”

“कुठेतरी म्हणजे कुठे?”

मला उत्तर देता आलं नाही. अण्णांनी कागद परत दिला. सही केली नाही. आणि मग, मला आठवतं तसं पहिल्यांदाच, त्यांनी १९७२ ची गोष्ट पूर्ण सांगितली. दुष्काळात सिन्नर तालुक्यातलं गाव सोडून ते नाशिकला आले ते सतराव्या वर्षी, एका पिशवीसह. गोदाकाठच्या एका धर्मशाळेत जागा मिळाली. भिंतीवर पाटी होती, तीन दिवसांपेक्षा जास्त मुक्काम करता येणार नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भांडी बाजारातल्या एका दुकानदाराने त्यांना हमालीला ठेवलं आणि रात्री दुकानातच झोप म्हणाला. पुढे सातपूरची कंपनी, लग्न, कर्ज, हे रो-हाऊस. “तीन दिवस देवाने काढले,” अण्णा म्हणाले, “चौथा त्या माणसाने काढला. त्या दिवशी तो भेटला नसता तर मी पण इसमच.”

मी अर्ज तरीही दिला. एकोणतीस सह्या झाल्या होत्या, लोकांना काय सांगणार होतो? आठवड्याभराने पहाटे एक गाडी आली आणि पुलाखालच्या सहा जणांना घेऊन गेली. आमच्या अर्जामुळेच आली का, हे मी कधी विचारलं नाही. बाराव्या दिवशी मामा परत आले. त्यांचं गाठोडं मात्र आलं नाही. त्यात आधार कार्ड होतं, सिव्हिलचे केसपेपर होते आणि एक स्वेटर होता.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. जुनं काहीही वाचताना मी शोधतो, चौथ्या दिवसाची सोय कुणी केली होती का?

*

पहिला दुवा आमच्या गच्चीवरून दिसतो. पांडवलेणीचा डोंगर. शाळेच्या सहलीत आपण तिथे वर चढतो, फोटो काढतो, उतरतो. दहा नंबरच्या लेण्यात ब्राह्मी अक्षरांत कोरलेला हिशेब कुणी वाचून दाखवत नाही.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा हा लेख आहे उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप नहपानाच्या जावयाचा. त्याने काय काय दान केलं याची ती यादी. भडोच, दशपुर म्हणजे मंदसौर, सोपारा आणि आपलं गोवर्धन (नाशिकच्या पश्चिमेला आजही त्या नावाचं गाव आहे) इथे त्याने चौसोपी विश्रांतिगृहं बांधली. तापी, दमणगंगा अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. विहिरी, तलाव, बागा. म्हणजे वाटसरूंच्या निवाऱ्याची आपल्या गावातली लेखी नोंद एकोणीसशे वर्षं जुनी आहे.

पण मला अडकवलं ते पुढच्या हिशेबाने. उषवदाताने ३,००० कार्षापण अक्षयनीवी म्हणून दिले. अक्षयनीवी म्हणजे मुद्दलाला हात न लावता फक्त व्याज वापरायची ठेव. ती ठेवली गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एकीकडे २,००० कार्षापण, दरमहा १ टक्क्याने. दुसरीकडे १,००० कार्षापण, दरमहा पाऊण टक्क्याने. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज होतं २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. एफडीची पावती दगडात कोरून ठेवावी तसं आहे हे. पुढच्या राजाला विसरता येऊ नये म्हणून.

भिक्खूला पालीत अनगारिक असाही शब्द आहे : ज्याला घर नाही असा. तेव्हा आपल्या शहराला घर नसलेल्या माणसाची दीर्घ मुदतीची सोय कशी लावायची हे कळत होतं. छप्पर, कपड्याचा खर्च, त्या खर्चाचं कायमचं उत्पन्न, सगळं. अट एकच होती, घर त्याने स्वतःहून सोडलेलं असायला हवं. ज्याचं घर सुटलं, त्याच्यासाठी विश्रांतिगृह होतं. तिथे विश्रांती घ्यायची आणि पुढे निघायचं.

ही विभागणी पुढे फारशी बदललेली मला दिसली नाही. मनुस्मृतीत अतिथीची व्याख्याच एक रात्र राहणारा अशी आहे, आणि तीही ब्राह्मणापुरती. अहिल्यादेवी होळकरांनी देशभर बांधलेल्या धर्मशाळा वाटेवरच्या माणसासाठी. इंग्रजांनी १८६७ साली सराईंचा कायदा केला, त्यातही सराई म्हणजे प्रवाशांना उतरायची जागा. धर्मशाळा, सराई, सदावर्त, पाणपोई, सगळ्यांच्या मनात एक माणूस होता, जो उद्या इथे नसणार आहे. तो उद्याही इथेच असेल, परवाही, पुढच्या वर्षीही, तर काय करायचं, याचा विचार तीन दिवसांच्या पाटीवर संपतो. पाटी लावणारे दुष्ट नव्हते हं. जागा तेवढीच असते, आणि दारात नवा यात्रेकरू उभा असतो.

*

नाशिकमध्ये या गोष्टीत गाडगे महाराजांना टाळून पुढे जाता येत नाही. गोदावरीवर त्यांच्या नावाचा पूल आहे, जवळच त्यांची धर्मशाळा आहे.

१८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर १९०५ साली घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या, हातात मडक्याचा तुकडा आणि खराटा. गावात शिरायचं, गाव झाडायचं, रात्री कीर्तन करायचं, पुढे जायचं. वर्गणीतून त्यांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बांधली, कारण दलित वारकऱ्यांना इतरांच्या धर्मशाळांत पाऊल टाकू देत नसत. १९४९ साली ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. स्वतः बांधलेल्या धर्मशाळांत ते मुक्काम करत नसत, बाहेर झोपत, अशी आठवण सांगितली जाते. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ, वलगावच्या वाटेवर, ते गेले. वाटेवरच.

त्यांच्या परंपरेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी इमारत नाशिकला नाही, मुंबईत दादरला आहे. टाटा रुग्णालयात उपचारासाठी खेड्यापाड्यांतून येणारे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. केमोथेरपी तीन दिवसांत संपत नाही. म्हणून मुक्कामाची मुदत पाटीवरून उतरली आणि उपचाराला जोडली गेली. धर्मशाळेच्या इतिहासात ही फार मोठी उडी आहे असं मला वाटतं. माणूस किती दिवस राहू शकतो हे भिंत ठरवत नाही, त्याची गरज ठरवते. मात्र उपचारांना शेवट असतो. मामांच्या लंगड्या पायाला आणि पावसाळ्यातल्या रिकाम्या चार महिन्यांना तसा शेवट नाही.

गाडगेबाबा गेले त्यानंतर तीनच वर्षांनी मुंबई राज्याने एक कायदा केला. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा. त्यातली ‘भीक’ची व्याख्या एकदा वाचून बघा. सार्वजनिक ठिकाणी गाऊन, नाचून, भविष्य सांगून, कसरती करून पैसे घेणं त्यात येतं. म्हणजे वासुदेव आला, पिंगळा आला, डोंबारी आला. आणि एक पोटकलम असं की, उपजीविकेचं दिसण्याजोगं साधन नसलेला माणूस सार्वजनिक जागी भटकत असेल किंवा थांबला असेल, आणि त्याच्या अवस्थेवरून तो भिकेवर जगत असावा असं वाटत असेल, तर तोही त्यात येतो. मागायलाच हवं असं नाही. तसं दिसणं पुरे. चिंध्या पांघरून, मडक्याचा तुकडा घेऊन गावोगाव फिरणारा माणूस या व्याख्येत किती नेमका बसतो!

पोलिसांना वॉरंटशिवाय पकडायचा अधिकार. पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. तर ही झाली चौथ्या दिवसाची सरकारी सोय. तीन दिवस धर्मशाळा, नंतर तीन वर्षं कोंडवाडा. राज्याच्या भिक्षेकरी गृहांत काम करणाऱ्यांना महिन्याला ५ रुपये मिळत. हे कितीतरी दशकं तसंच चाललं, आणि २०२५ साली मंत्रिमंडळाने ते दिवसाला ४० रुपये करायचं ठरवलं. महिन्याला पाच रुपये म्हणजे आमच्या टपरीवरचा अर्धा कटिंग.

दिल्लीलाही हाच मुंबईचा कायदा लावला गेला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्लीपुरती त्यातली मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली. ज्या राज्यात तो जन्मला तिथे तो पुस्तकात राहिला.

*

आता संगमनेरच्या एका माणसाविषयी. त्याचं नाव मी देत नाही, पण त्याची हकिकत सर्वोच्च न्यायालयाच्या एका फार गाजलेल्या निकालात आहे.

तो गावात चपला शिवायचा. दिवसाला ७-८ रुपये. गावातलं घर पडलं. १९६९ साली तो मुंबईला आला, बदली कामगार म्हणून महिना ३५० रुपयांवर लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळवायला स्थानिक गुंडाला ३०० रुपये दिले, बांबू आणि प्लास्टिकला ७०० रुपये लागले. १,००० रुपये, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचा पगार, फुटपाथसाठी. जानेवारी १९८० मध्ये महापालिकेने झोपडं तोडलं. त्याने पुन्हा बांधलं.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईच्या फुटपाथवरच्या सगळ्यांना हटवून त्यांच्या त्यांच्या गावी पाठवलं जाईल. ऐन पावसाळ्यात. दहाच दिवसांनी तमिळनाडूतल्या सेलमहून आलेल्या एका मजुराचं झोपडं पाडून त्याला बायकामुलांसह बसमध्ये घालून सेलमला रवाना केलं. बायको-मुली तिकडेच राहिल्या. तो कामासाठी परत आला आणि पुन्हा फुटपाथवर राहू लागला. (मामा बाराव्या दिवशी परत आले तेव्हा मी हा निकाल वाचलेला नव्हता. वाचला असता तर त्यांना बघून आश्चर्य तरी वाटलं नसतं.)

पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी निकाल दिला. कायदा शिकणारी मुलं तो एका वाक्यासाठी पाठ करतात : जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. माणूस फुटपाथवर हौसेने राहत नाही, काम जिथे आहे तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर राहतो, हे न्यायालयाने मान्य केलं. आणि त्याच निकालात पुढे, फुटपाथ चालण्यासाठी आहे, म्हणून रीतसर नोटीस देऊन हटवायला हरकत नाही, असंही सांगितलं. फक्त पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, थांबा.

पांडवलेणीत पावसाळ्यापुरता आसरा, सर्वोच्च न्यायालयातही पावसाळ्यापुरता. मधे एकोणीसशे वर्षं.

निकालाच्या आसपासच मुंबईत भायखळ्याला स्पार्क नावाची संस्था फुटपाथवरच्या बायकांबरोबर काम करू लागली होती. त्यांनी आधी सरकारने न केलेली गोष्ट केली, मोजणी. १९८५ साली ‘वी, द इन्व्हिजिबल’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. मग त्या बायकांनी ‘महिला मिलन’ काढलं, रोजचे एक-दोन रुपये साठवले, आपल्याला कसं घर हवं याच्या साड्या बांधून खोल्या आखल्या. त्यांतल्या अनेक जणींना अखेर मानखुर्दला घरं मिळाली. वीस वर्षं लागली. पण मिळाली ती घरं होती, रात्रीची जागा नव्हे. आणि ती मिळाली एकमेकींची नावं माहीत असलेल्या बायकांना. मामांसारखा एकटा माणूस कुठल्या गटात बसत नाही. त्याचं शिष्टमंडळ होत नाही.

जाता जाता एक गंमत. जुलै २०२१ मध्ये, कोविडच्या काळात, सिग्नलवरच्या भिकाऱ्यांना हटवा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. भीक हा गरिबीचा प्रश्न आहे, आम्ही उच्चभ्रूंच्या नजरेने बघणार नाही, असं म्हणून खंडपीठाने ती मागणी मानली नाही. खंडपीठात न्या. धनंजय चंद्रचूड होते, यशवंतरावांचे चिरंजीव.

*

मग मामा निवारा केंद्रात का जात नाहीत? हा प्रश्न आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर हिवाळ्यात येतो, आणि तो वाईट प्रश्न नाही.

निवाऱ्यांचा आजचा आराखडा दिल्लीतल्या एका थंडीतून आला. २००९ च्या डिसेंबरात तिथला एक तात्पुरता निवारा पालिकेने पाडला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २०१० पासून न्यायालयाने राज्यांना आदेश द्यायला सुरुवात केली : मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, बारा महिने, चोवीस तास. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात हे आलं. लाखामागे किमान १०० माणसांची कायम सोय. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर होतं १४,८६,०५३. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने जवळपास दीड हजार माणसांसाठी गाद्या हव्यात. तेव्हापासून शहर किती वाढलंय हे पाथर्डी रस्त्यावरचे टॉवर बघून ठरवा.

पण समजा, सगळ्या गाद्या झाल्या. मामांचं काय? ते रात्री दीडला काम संपवून येतात. मी त्यांना एका निवाऱ्यात घेऊन गेलो तेव्हा दार दहाला बंद होतं असं कळलं. गाठोडं ठेवायला कुलूपवाली जागा नव्हती, आणि गाठोड्याच्या बाबतीत मामांचा अनुभव तुम्हाला माहीत आहे. शिवाय टेम्पोवाला कामाला न्यायला पुलाखालीच येतो. “तिथं झोपलो तर काम जाईल, काम गेलं तर तिथंच झोपावं लागेल,” असं ते म्हणाले आणि हसले. १९८५ च्या निकालात जे पानभर आहे ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

वर्षानुवर्षं रस्त्यावर असलेल्या माणसाला आधी सुधारायचं, व्यसन सोडवायचं, औषध सुरू करायचं, शिस्त लावायची आणि मग पायरीपायरीने घराकडे न्यायचं, ही रीत जगभर होती. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने ती उलटी केली. आधी किल्ली द्या, अटी नको, बाकीची मदत घरात राहत असताना करू. फिनलंडने २००८ पासून हे देशपातळीवर नेलं, रात्र निवारे मोडून त्यांचे छोटे फ्लॅट केले. तिथे दीर्घकाळ बेघर असणाऱ्यांची संख्या खरोखर खाली आली. फिनलंडचं उदाहरण दिलं की आपल्याकडे लगेच ‘तिकडे लोकसंख्या किती’ असं उत्तर येतं, म्हणून जवळची उदाहरणं देतो.

चेन्नईच्या ‘बॅनियन’ने २०१५ पासून मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं अडकलेल्या, घरी न्यायला कुणीही न येणाऱ्या बायकांना साध्या वस्तीत भाड्याची घरं घेऊन दिली. चार-पाच जणी एका घरात, भाजी काय करायची यावर भांडतात, मदतीला एक कार्यकर्ती. ‘होम अगेन’ नावाचा हा प्रयोग रत्नागिरीतही आला. नगरजवळ शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांसाठी ‘माउली’ उभं केलं. तिथे मुदतीची पाटी नाही. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची ‘श्रद्धा’ १९८८ पासून रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवते. त्यांना २०१८ चा मॅगसेसे मिळाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की केवळ घर नाही किंवा घरचे नेत नाहीत म्हणून कुणाला रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही. मग त्याला समाजात राहण्याची सोय द्यायची जबाबदारी सरकारची. हे वाचून मी चकित झालो. चौथा दिवस पहिल्यांदाच कायद्याच्या पुस्तकात दिसत होता. पण तो मिळण्यासाठी आधी वेडं व्हायला लागतं. मामा वेडे नाहीत. पाय दुखतो आणि भाडं परवडत नाही, एवढंच आहे.

एका खोलीचं डिपॉझिट, भाडं, आणि महिन्यातून दोनदा डोकावणारं कुणीतरी. मामांची गरज एवढी आहे. मी हिशेब करून पाहिलाय. पुलाखाली कुंपण घालून, कुंड्या ठेवून, भिंतीवर वारली चित्रं काढून ‘सुशोभीकरण’ करायला यापेक्षा कमी लागत असतील असं मला वाटत नाही.

आणि पैसा, जमीन, इच्छाशक्ती आपल्या शहरात नाही असं नाशिककराने तरी म्हणू नये. दर बारा वर्षांनी आपण तपोवनात साधुग्राम उभारतो. पाणी, वीज, संडास, रेशन, दवाखाना. घरदार सोडलेल्या माणसांसाठी अख्खं गाव. २०१५ ला केलं, आता २०२७ साठी चाललंय. मी सिंहस्थाच्या विरोधात नाही. लहानपणी अण्णांच्या खांद्यावर बसून शाही मिरवणूक पाहिलीय. मात्र उषवदाताचीच विभागणी आपण पुढे चालवतोय, हे तेव्हा दिसलं नव्हतं.

*

बेघर माणसाची देशव्यापी मोजणी शेवटची झाली २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री. प्रगणक पूल, स्टेशनं, देवळांच्या पायऱ्या फिरले. देशात १७ लाख ७३ हजार, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर. २०२१ ची जनगणना झालीच नाही. मामा त्या रात्री कुठे होते हे त्यांना आठवत नाही. लग्नसराई असेल तर भांडी घासत असतील, म्हणजे ते त्या सतरा लाखांत नसावेत.

गाठोडं गेल्यावर मामांकडे ते मामा आहेत याचा एकही कागद उरला नव्हता. तेव्हा मी, आधी अर्ज लिहिणारा मीच, दुसरा अर्ज लिहायला बसलो. मतदार नोंदणीचा फॉर्म सहा. निवडणूक आयोगाचा एक नियम मला फार आवडतो : बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही. त्याऐवजी मतदान केंद्राचा अधिकारी, म्हणजे बीएलओ, रात्री त्या जागी येऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का हे बघतो. एका रात्रीवर भागत नाही, एकापेक्षा जास्त रात्री यावं लागतं.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधीची गोष्ट. आमच्या भागाच्या बीएलओ एक शाळेच्या बाई होत्या. त्या स्कूटरवर, मागे आपल्या मुलाला बसवून, रात्री अकराला आल्या. मी पुलाखाली उभा होतो. मामा बसलेले, चप्पल पायात, नवं गाठोडं छातीशी. गाडी येणार असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. बाई म्हणाल्या, “मामा, झोपा ना, मला झोपलेलं बघायचंय.” मामा काही आडवे होईनात.

दुसऱ्या खेपेला त्या उशिरा, साडेबाराला आल्या. या वेळी मी अण्णांना बरोबर नेलं होतं. अण्णा मामांच्या शेजारी पोत्यावर बसले, त्यांनी स्वतःच्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि सिन्नरकडच्या पाऊसपाण्याचं काहीतरी बोलत राहिले. बाई स्कूटर लांब लावून थांबल्या. पंधरा-वीस मिनिटांनी मामांनी चप्पल काढली, ती उशाखाली घेतली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

बाईंनी मोबाइलच्या उजेडात फॉर्म काढला. पत्त्याच्या रकान्यात मी पेन्सिलने लिहिलं होतं : उड्डाणपुलाखाली, इंदिरानगर बोगद्याजवळ, नाशिक. त्यांनी वाचलं, माझ्याकडून पेन घेतलं आणि त्याच अक्षरांवरून शाईने गिरवलं.